सातवं कलम

सोमवारी सकाळी खतावणीकाकांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवला आणि झाकण न उघडताच सांगितलं, की आता दोनच उरल्यात.

डब्यात बिस्किटं नव्हती. संस्थेच्या मुदत ठेवींच्या पावत्या होत्या. ही संस्था म्हणजे नवरा गेल्यावर घरातून बाहेर पडलेल्या, खरं सांगायचं तर बाहेर काढलेल्या, बायकांचं वसतिगृह. ते ज्यांनी काढलं त्या मोठ्या बाई वारल्या, तेव्हा डब्यात नऊ पावत्या होत्या. व्याजावर घर चालवा, मुद्दलाला हात लावू नका, असं त्या शेवटपर्यंत बजावत होत्या. पण पहिली पावती गळक्या छपरापायी मोडली, दुसरी एका आजींच्या खुब्याच्या हाडापायी. हॉस्पिटलला उशांचे अभ्रे शिवून देण्याचं काम बायकांकडे होतं, ते सुटलं तेव्हा तिसरी आणि चौथी गेली. पुढच्या दोन कशात गेल्या हे सांगायला काकांनाही वही उघडावी लागली असती. सातवी मागच्याच आठवड्यात मोडली होती आणि तिचे पैसे किराणावाल्याच्या थकबाकीत जिरले होते.

“किती दिवस निघतील?” चिटणीसबाईंनी विचारलं.

“तीन महिने. स्वयंपाकीणबाईंनी पगार मागितला नाही तर साडेतीन.”

स्वतःच्या पगाराबद्दल काका काही बोलले नाहीत. तो त्यांना आठ महिने मिळाला नव्हता. सव्वीस वर्षं त्यांनी या संस्थेची खतावणी लिहिली होती, त्यावरून पडलेलं नाव आता त्यांच्या नातवंडांच्याही तोंडी होतं. पेन्सिल बोटाएवढी होईपर्यंत वापरायची आणि मग तिला टोपण लावून आणखी वापरायची, अशी त्यांची रीत.

वसतिगृहात पंखे मात्र सतरा होते. खोल्या नऊ. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर कुणाच्या ना कुणाच्या आजोबांचं नाव रंगवलेलं होतं. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, अशी एका देणगीदाराने लेखी तक्रार केली होती आणि पाहुणे आले की आमचा पंखा बंद ठेवावा, असं सुचवलं होतं. विजेच्या बिलावर नाव रंगवता येत नाही, त्यामुळे ते भरायला कधी कुणी पुढे आलं नाही. स्वयंपाकीणबाईंच्या पगारालाही कुणाच्या आजोबांचं नाव देता येत नव्हतं. जगात दानशूर माणसं पुष्कळ आहेत. त्यांना फक्त रंगवायला जागा लागते.

चिटणीसबाई तीस वर्षांपूर्वी इथं अर्ज टाइप करायला म्हणून आल्या होत्या. मोठ्या बाई गेल्यावर चिटणीसपद घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा ते त्यांच्या गळ्यात पडलं. आता त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. वरच्या मजल्यावर अकरा बायका राहत आणि त्यांच्याकडे दिवसातून चार वेळा जाऊन जाऊन बाईंचा उजवा गुडघा कामातून गेला होता. हल्ली त्यांना सारखं वाटे, की कुणीतरी येऊन म्हणावं, बाई, पुरे झालं, जा आता घरी. पण असं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

तरीही त्या सोमवारी त्या हसल्या. कारण शनिवारी एक माणूस येऊन गेला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याचं सिमेंटचं दुकान होतं. त्याचा थोरला भाऊ सहा महिन्यांपूर्वी वारला होता. मूलबाळ नाही. वहिनीला इथं ठेवायचं होतं. घरात अडचण होते, तिलाही चार बायकांत बरं वाटेल, असं तो अगदी कळवळून बोलला. आणि उठताना म्हणाला, की संस्थेचा वर्षाचा खर्च भागेल एवढा चेक मी गुरुवारी वहिनींना घेऊन येईन तेव्हा देतो. नाव रंगवायचं काही नाही. फक्त प्रवेशअर्ज नीट भरून, शिक्का मारून, त्याच्या दोन नकला द्या.

“नाव नको म्हणाला,” चिटणीसबाई काकांना तिसऱ्यांदा सांगत होत्या. “असा माणूस मी अजून पाहिला नाही.”

काकांनी मान डोलावली. वर्षाचा खर्च म्हणजे उरलेल्या दोन पावत्या वाचत होत्या आणि आठ महिन्यांचा पगारही डोळ्यांसमोर दिसत होता. त्या दिवशी दोघांनी चहात साखर जरा सढळ हाताने घातली.

मंगळवारी मात्र अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष निवृत्त डॉक्टर होते आणि संस्थेशी त्यांचा संबंध मुख्यतः फोनवरचा होता. एका चेकवर विसंबून राहू नका, जुन्या देणगीदारांना पत्रं टाका, असं त्यांनी सांगितलं. सल्ला चांगला होता आणि फुकट होता. म्हणून दुपारी काकांनी कपाटातली देणगी पावत्यांची जुनी पुस्तकं काढली, त्यांत संस्थेकडे राहिलेल्या स्थळप्रती होत्या, आणि दोघं पत्ते उतरवायला बसले. बाई पत्ता वाचत, काका लिहून घेत.

काकांची एक सवय होती. देणगीदाराला पावतीबरोबर दुसरा काही कागद दिला असेल, तर तो कोणता, हे ते स्थळप्रतीच्या मागे पेन्सिलीने टिपून ठेवत. कुणी सांगितलं नव्हतं, नीटनेटकेपणाची हौस. पाचव्या-सहाव्या पत्त्याला बाई थांबल्या. मागे लिहिलं होतं, ‘प्रवेशअर्जाच्या दोन नकला दिल्या.’ त्यांनी पुढची मोठी देणगी काढली. तिच्या मागेही तेच. तिसरीच्या मागेही तेच.

“काका, रहिवाशांचं रजिस्टर द्या बरं.”

आडनावं जुळत होती. वर राहणाऱ्या अकरा बायकांपैकी सात जणींच्या घरून, त्यांना इथं सोडल्यानंतर महिन्याभरात, मोठी देणगी आली होती. कुणाच्या दिराकडून, कुणाच्या पुतण्याकडून, एकीच्या तर सख्ख्या मुलाकडून. मोठ्या बाईंच्या नऊ ठेवींपैकी निम्म्या तरी याच पैशांच्या होत्या.

“नातेवाइकांना वाटत असेल आपल्याबद्दल,” काका म्हणाले. पण त्यांचा आवाज उतरला होता. ते उठले, आणि ‘किरकोळ’ असं लिहिलेली फाइल घेऊन आले. अशा फाइलीत काय काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जे कुठेच बसत नाही ते. त्यातून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला. घरा-जमिनींच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीचं पत्र होतं, चौदा वर्षांपूर्वीचं. आपल्या संस्थेने साक्षांकित केलेल्या अर्जातील कलम सातच्या आधारे सदर स्त्रीचे नाव घराच्या नोंदीतून कमी करण्यात आले आहे, माहितीसाठी सादर. त्यावर काकांच्या स्वतःच्या अक्षरात शेरा होता: ‘पाहिले. कार्यवाही नाही.’

अर्जात आठ कलमं होती. सहा कलमं वय, आजार, सवयी, भेटीच्या वेळा, असली. आठवं वसतिगृहाचे नियम पाळण्याचं. सातवं असं होतं: ‘माझा सासरच्या वा माहेरच्या कोणत्याही घर-जमिनीत अगर चीजवस्तूंत हक्क नाही व यापुढे मी तो सांगणार नाही.’ खाली बाईची सही किंवा अंगठा, आणि त्याखाली संस्थेचा गोल शिक्का.

ते कलम मोठ्या बाईंनीच घातलं होतं, आणि वाईट हेतूने घातलं नव्हतं, हे इथं सांगितलं पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत नातेवाईक फाटकाशी येऊन तमाशा करत. तुम्ही आमच्या बाईला फितवता, तिचा वाटा घशात घालायला संस्था काढली आहे, असं रस्त्यात उभं राहून ओरडत. मोठ्या बाई सरळ मनाच्या आणि फार मानी. संस्थेवर शिंतोडा उडू नये, कुणी बोट दाखवू नये, म्हणून त्यांनी एका दुपारी ते वाक्य अर्जात घातलं. तमाशे बंद झाले. नातेवाईक सभ्यपणे बोलू लागले, आणि काही दिवसांनी देणग्या देऊ लागले. समाजाने संस्थेची पाठ थोपटली. स्वच्छ नावाची किंमत कोण मोजतंय, हे त्या मानी बाईंच्या मनातही आलं नाही.

बाहेर स्वयंपाकीणबाई भांडी घासत होत्या.

“शिक्का मीच मारत होते,” चिटणीसबाई म्हणाल्या. “वरच्या घडीमावशी आल्या तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. मी कोपराला धरून सही करायला लावली. म्हटलं, घाबरू नका, नुसता अर्ज आहे.”

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग ते जे बोलले, ते बोलताना त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही. गुरुवारचा चेक तेवढा घेऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. तेवढा एक. त्यानंतर कलम काढून टाकू, नवे अर्ज छापू. वर अकरा बायका आहेत, त्यांना तीन महिन्यांनी कुठे नेऊन ठेवायचं? एकीचं नुकसान आणि अकराजणींचं छप्पर, असा हिशेब त्यांनी मांडला. माणूस वाईट नव्हता, दमला होता. आठ महिने बिनपगारी माणसाने असा हिशेब मांडला तर त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

“मोठ्या बाईंनीही असंच काहीतरी म्हटलं असेल तेव्हा,” चिटणीसबाई म्हणाल्या. “अकराजणींसाठी.”

बुधवार सगळा तसाच गेला. बाईंनी दोनदा फोन उचलून अध्यक्षांचा नंबर लावला आणि दोन्ही वेळा घंटी वाजायच्या आत ठेवून दिला. अध्यक्ष काय म्हणतील ते त्यांना पाठ होतं: चेक वटू दे, मग समिती नेमू. त्यांना खरंच कळत नव्हतं, काय करावं. वरून बायकांच्या बोलण्याचा, मध्येच हसण्याचा आवाज येई. साठी-सत्तरीच्या त्या बायकांना दाराबाहेर सामानासकट उभं केलेलं चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

गुरुवारी दहाला सिमेंटवाला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची पिशवी. मागे त्याची वहिनी. चाळिशीच्या आतबाहेरची, अंगाने किरकोळ, पण हातांचे पंजे मोठे, काम केलेले. तिने आपली बॅग खुर्चीला टेकवली नाही, मांडीवर घेऊन बसली. सिमेंटवाल्याने चेक टेबलावर ठेवला आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून काकांचं पंचिंग मशीन त्यावर ठेवलं. वरचा पंखा फिरत होता.

“हा चेक तयार आहे, बाई. आता कागदांचं तेवढं उरकून टाकू. मला दुकान उघडायचंय.”

चिटणीसबाईंनी अर्ज ओढून घेतला. वहिनीला विचारलं, “तुम्ही हे वाचलंय?”

“भाऊजी म्हणाले, इथं राहायचं तर सही लागते.”

“मी वाचते. ऐका.” आणि बाईंनी सातवं कलम वाचलं. शाळेत धडा वाचतात तसं, सावकाश. वाचून झाल्यावर पुन्हा एकदा वाचलं.

तिने बॅगेचा बंद बोटाला गुंडाळला. “म्हणजे घर?”

“घरसुद्धा.”

“मागच्या दोन खोल्या आम्ही बांधल्यात,” ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. आठवण सांगावी तसं. “माझी शिलाई मशीन विकली त्यात. गवंडी परवडत नव्हता, विटा मीच दिल्या ह्यांच्या हातात.”

“वहिनी, घरातलं घरात,” सिमेंटवाला म्हणाला, आणि बाईंकडे वळला. “आणि बाई, तुम्ही आता असं का बोलताय मला समजत नाही. हे कलम तुमचं आहे. छापील आहे. मी काही घरून लिहून आणलेलं नाही.”

चिटणीसबाईंना कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं, कारण तो बोलला त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

“हो, आमचंच आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणून आम्हीच खोडतो.”

त्यांनी पेन घेतलं आणि सातव्या कलमावर आडवी रेघ मारली. रेघ सरळ आली नाही. बाजूला त्यांनी आद्याक्षरं आणि तारीख घातली.

सिमेंटवाला चिडला नाही. धंद्यात मुरलेला होता. बाईंशी बोलून उपयोग नाही हे पाहून तो काकांकडे वळला. काका, तुम्ही जुने माणूस आहात, कोरा अर्ज असेलच दुसरा, असं समजुतीने म्हणाला. चेककडे नुसती मान केली. काकांच्या हातात शिक्का होता. चेकवरचा आकडा त्यांना उलटा दिसत होता, पण सव्वीस वर्षांच्या हिशेबनिसाला उलटा आकडाही वाचता येतो. त्यांनी शिक्का बिस्किटांच्या डब्यात टाकला आणि झाकण दाबून बसवलं.

“शिक्का आता नाही मिळायचा,” ते म्हणाले.

“मग तीन महिन्यांत तुमच्या दाराला कुलूप लागेल. सगळ्या बाजाराला माहीत आहे.”

“लागेल कदाचित,” चिटणीसबाई म्हणाल्या. त्यांना फार थकवा आला होता.

त्याने पंचिंग मशीन उचलून बाजूला ठेवलं, चेकची घडी केली, खिशात घातला. “चला, वहिनी. संस्था काय ही एकच नाही.”

ती उठली नाही. “मी घरी येते, भाऊजी. मागच्या खोलीत राहीन.”

“मागच्या खोल्यांत माल भरलाय.”

“कधी?”

“आज सकाळी. तुम्ही बॅग भरत होता तेव्हा.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. रडली नाही. मग चिटणीसबाईंना म्हणाली, “सही न करता ठेवाल मला?”

“ठेवू.”

“मग माल काढेपर्यंत मी इथं राहते. भाऊजी, खोल्या माझ्या आहेत, माल तुम्हाला काढावा लागेल. मी विचारायला येईन.”

सिमेंटवाला गेला. फाटकाचा आवाज ऐकू आला, मग मोटारीचा. काकांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला, आणि टाइपरायटरवरचं फडकं काढलं. सातव्या कलमासह घेतलेले, नकला बाहेर गेलेले ते सात अर्ज संस्था मागे घेत आहे, बायकांना अर्थ न सांगता सह्या घेतल्या ही चूक आमची आहे, आणि तसं आम्ही जिथे विचाराल तिथे सांगू, असं पत्र त्या सात घरांना आणि नोंदीच्या कचेरीला लिहायचं ठरलं. वकिलाची फी द्यायला आठवी पावती मोडायची, हेही ठरलं. कितीजणींचं परत मिळेल, ते दोघांनाही माहीत नव्हतं. कदाचित एकीचंही नाही.

उरलं होतं ते सगळ्यांत अवघड काम. चिटणीसबाई कठड्याला धरून जिना चढल्या. सातजणींपैकी आधी कुणाला सांगायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. घडीमावशी या घरात सगळ्यांत जुन्या, बावीस वर्षं इथं राहिलेल्या. चादर असो, वर्तमानपत्र असो, हाती लागेल त्याची कोपऱ्याला कोपरा लावून घडी घालत, म्हणून हे नाव. आताही गच्चीच्या दारात बसून त्या वाळलेल्या चादरी घेत होत्या.

बाई त्यांच्यासमोर पायरीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. कलम, नकला, देणग्या, कचेरीचं पत्र, आणि कोपराला धरून घेतलेली ती सही. काही लपवलं नाही.

मावशी ऐकत होत्या. हातातली चादर तशीच राहिली.

“मला माहीत होतं ते,” त्या म्हणाल्या. “आल्यावर दोनच महिन्यांत कळलं. शेजारीण भेटायला आली होती, तिने सांगितलं, पुतण्याने घर स्वतःच्या नावावर केलं म्हणून. इथला कागद दाखवला आणि झालं.”

“मग मावशी, बावीस वर्षांत तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत?”

“काय बोलायचं?” मावशींना खरंच नवल वाटल्यासारखं दिसलं. “मला वाटलं, तुम्हाला माहीतच आहे. मला वाटलं, ती इथली फी आहे.”

चिटणीसबाई तोंड फिरवून रडल्या; मोठ्या बाई गेल्या तेव्हासुद्धा त्या अशा रडल्या नव्हत्या. मावशींनी त्यांना रडू दिलं. खालून टाइपरायटरचा आवाज येत होता.

काही वेळाने मावशी म्हणाल्या, “पुतण्याला पत्र जाणार आहे म्हणतेस, ते पाकिटात घालायच्या आधी मला वाचून दाखव. माझं नाव त्यात पूर्ण लिही, नवऱ्याचं आणि सासऱ्याचं धरून. त्या घरात बावीस वर्षांत कुणी घेतलं नसेल ते.”

“लिहिते,” चिटणीसबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. मग पत्र आणायला त्या पुन्हा जिना उतरू लागल्या.